सांगलीच्या सोप्यातला समुद्र

दिवाळी महिन्यावर आली की घरोघरी एक वाद हटकून उभा राहतो. भिंतींना रंग कोणता द्यायचा? एरवी गुण्यागोविंदाने नांदणारी माणसे या एका प्रश्नावर दोन तट करून बसतात. यंदा आमच्या आक्काच्या घरीही असाच वाद झाला. फरक इतकाच, की तो रंगावरून सुरू झाला आणि पाण्यावर येऊन ठेपला. घरदार सजवू पाहणाऱ्या कोणालाही त्यातून काही घेता येईल असे वाटले, म्हणून या दिवाळीच्या सदरात तो सांगते.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सांगलीच्या गावभागात, नदीपासून जवळच तिचे जुने घर. मी साताऱ्यात दिलेली. दोघी बहिणी एकाच कृष्णेच्या काठी पडलो, मी वर आणि ती खाली. दर पावसाळ्यात तिचा ठरलेला फोन येतो, "तुमच्याकडं पाऊस कसा आहे गं?" पहिली काही वर्षे मला वाटायचे, बहिणीची माया! पुढे उलगडा झाला. पाऊस पडतो साताऱ्याच्या डोंगरात आणि पूर येतो सांगलीत. सांगली शहरात पाऊस तसा बेताचाच. पण महाबळेश्वराकडे आणि कोयनेच्या खोऱ्यात कोसळलेले पाणी खाली उतरते, कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि आयर्विन पुलापाशी पाणी चढू लागते. संस्थानच्या काळात, १९२९ साली खुला झालेल्या या पुलाचे फूट सांगलीतल्या पोरासोरांनाही पाठ असतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्याही पुढे.

त्या ऑगस्टात आक्काच्या सोप्यात पाणी तिच्या खांद्याच्या वर होते. माणसे वेळेवर बाहेर पडली, ही देवाची कृपा. सामान मात्र गेले. हप्त्यांवर घेतलेले प्लायवूडचे शोकेस फुगून पुस्तकासारखे उलगडले. सोफ्याने आठवडाभर पाणी पिऊन घेतले होते. कापसाच्या गाद्या चौघांनाही उचलेनात. लग्नाच्या फोटोंचा अल्बम तर उघडण्यासारखाच राहिला नव्हता. घर झाडून-धुऊन पुन्हा उभे केले, तो २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. तेव्हापासून सोप्याला कुलूप. वर माडीवर संसार आणि खाली अंधार. मुलगा अधूनमधून घर विकण्याची गोष्ट काढतो आणि आक्का ऐकू न आल्यासारखे करते.

यंदा सुनेने मनावर घेतले. "या दिवाळीला सोपा उघडायचा," ती म्हणाली. मुलांना अभ्यासाला जागा नाही, आल्यागेल्याला बसवायला जागा नाही. तिने मोबाईलवर चित्रे जमवली होती. परदेशातली समुद्रकाठची घरे. पांढऱ्या भिंती, निळे पडदे, वेताच्या खुर्च्या, सगळे कसे हवेशीर नि निवांत. चित्रे तिने सासूपुढे धरली. आक्काने चष्मा लावून ती पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाली, "एकदा नदी घरात येऊन गेली. आता समुद्राला बोलावणं कशाला?"

त्यापुढे दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मला सुनेचा फोन. "मावशी, तुम्ही घरांवर लिहिता. तुम्हीच या आणि आईंना समजवा."

मी गाडीत बसले. कऱ्हाड गेले, किर्लोस्करवाडी गेली, तोवर मनाशी भाषण तयार केले होते, आणि सांगलीत पोचताच ते विसरून गेले. कारण सुनेने सोप्यासाठी जमवलेले सामान पाहिले. कोळ्याचे असते तसे जाळे (नवे कोरे, मासळी न पाहिलेले), लाकडी नांगर, जहाजाचे चाक, शिंपल्यांच्या माळा आणि लाटांचे एक भले मोठे चित्र. मी म्हटले, "अगं, हे समुद्रकाठचं घर नव्हे, हे समुद्रकाठचं दुकान झालं!"

सून हसली, पण जरा खट्टू झाली. तेव्हा मी आक्काकडे वळले. "आक्का, आपलं आजोळ आठवतं का गं?"

आमचे आजोळ गुहागरचे. परसातून माडांखालून गेले की पुळण. लहानपणी मे महिना आम्ही तिथेच काढला. आक्काला न आठवून कसे चालेल? तिने डोळे मिटले आणि एकेक सांगायला लागली. जांभ्याचा उंच जोता. कौलांचे उतरते छप्पर, इतके खाली की पडवीत शिरताना मोठ्यांना वाकावे लागे. ओटीवर झोपाळा. भिंतींना चुना. खाली सारवलेली जमीन. बसायला चटई नि पाट, निजायला घोंगडी नि गोधड्या, आणि सकाळ झाली की त्यांची वळकटी. पावसाळा आला की माडाच्या झावळ्यांचे झाप विणून पडवीला बांधायचे.

"आणि भिंतीवर समुद्राचं काय होतं?" मी विचारले.

"काही नव्हतं," आक्का म्हणाली. "समुद्र हाकेवर असताना त्याचं चित्र कोण लावतो?"

वाचकहो, या सजावटीची सारी किल्ली मला या उत्तरात दिसते. समुद्रकाठच्या घराचा तो मोकळा, हलका थाट कोणी हौसेने काढलेला नाही. तो हवेने नि पाण्याने शिकवलेला आहे. खारी हवा लोखंड खाते, म्हणून लोखंड कमी. दमट हवेत चामड्याला बुरशी येते, म्हणून कातडी बैठका नाहीत. पायांबरोबर वाळू येते, म्हणून गालिचे नाहीत. चटई झटकली की झाले. ऊन डोळ्यांवर येते, म्हणून पागोळ्या खाली ओढलेल्या. भिंती पांढऱ्या, कारण चुना जवळ होता. कोकणात आणि गोव्यात पुष्कळ ठिकाणी शिंपले भाजूनच चुना करीत. म्हणजे पाहा, शिंपले त्यांच्याही घरात होते, पण भिंतीवर चिकटवलेले नव्हते. ते भिंतीतच होते. गोव्यातल्या जुन्या घरांत तर काचेच्या जागी पातळ शिंपल्यांची तावदाने बसवलेली दिसतात. ऊन त्यांतून दुधासारखे गाळून आत येते. तिथेही शिंपला कामाला लावलेला आहे, शोभेला टांगलेला नाही.

परदेशातही जाणत्यांनी हेच केले. आपल्या चंदीगडची आखणी ज्यांनी केली त्या ल कॉर्ब्युझिए यांनी १९५२ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक झोपडी बांधली. केवढी? ३.६६ मीटर लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट! मोठमोठ्या इमारती उभारणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी बाहेरून ओंडक्यांची, आतून साध्या लाकडी फळ्यांची एक खोली पुरेशी मानली. स्वयंपाकघरही नाही, जेवण शेजारच्या खाणावळीत. पुढे २०१६ साली ती झोपडी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. मी हे सांगत असताना आक्काचा मुलगा उठला आणि टेप घेऊन खाली गेला. परत येऊन म्हणाला, "मावशी, आपला सोपाही बाराच फूट आहे. लांबीला दीड फूट जास्त."

मग आम्ही सगळेच कुलूप काढून खाली गेलो. दार उघडल्यावर ओलीचा वास आला. डाव्या भिंतीवर, खांद्याच्या थोडी वर, मातीची एक पुसट रेघ होती. दोनदा धुऊनही ती गेली नव्हती. सून हळूच म्हणाली, "मावशी, या उंचीवर सगळ्या खोलीभर निळा पट्टा ओढला तर? पाण्याची आठवण म्हणून."

मी आक्काकडे पाहिले. ती त्या रेघेकडे पाहत होती. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "पट्टा नको. रेघेच्या वर हातभर जागा सोड आणि चारी भिंतींना फळी मार."

वाद तिथे मिटला. कारण आक्काने एका वाक्यात आजोळ आणि गावभाग यांची सांगड घातली होती. पाण्याशेजारी राहणाऱ्याचे घर कसे असावे? हलके असावे, धुता येण्यासारखे असावे, आणि मोलाचे ते वर असावे. समुद्र असो की कृष्णा, पाण्याचा नियम एकच. सुनेला जो निवांतपणा हवा होता आणि आक्काला जी निर्धास्ती हवी होती, ती एकाच खोलीत बसत होती. पुढचे चार तास आम्ही यादी करण्यात घालवले. ती वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून देते.

पहिली गोष्ट भिंतींची. पुरात भिजलेली भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून महिनोन् महिने ओली असते. तिच्यावर तेलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग लावला की ओल आत कोंडते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जुना रंग गिलाव्यापर्यंत खरवडून काढायचा, भिंत पुरती वाळू द्यायची आणि मग चुना. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि चुन्यावर बुरशीही सहसा धरत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, निदान रात्रभर मुरू द्यायचा, फडक्याने गाळून त्यात थोडे डिंकाचे पाणी घालायचे आणि एक जाड हात देण्याऐवजी तीन पातळ हात द्यायचे. शेवटच्या हातात कपड्यांची नीळ चिमूटभर. त्याने पांढरा रंग निवळतो आणि सुनेची निळ्या रंगाची हौसही भागते. मात्र चुना विरवताना तो उकळी फुटल्यासारखा खदखदतो. पाण्यात चुना थोडा थोडा टाकायचा, मुलांना दूर ठेवायचे, डोळे जपायचे, आणि भांडे ॲल्युमिनियमचे घ्यायचे नाही, चुना ते खातो.

दुसरी गोष्ट जमिनीची. सोप्यात जुनी शहाबादी फरशी आहे. तिच्यावर नवे काही बसवायचा बेत होता, तो आम्ही मोडला. धुतली की स्वच्छ होणारी आणि उन्हाळ्यात पायांना थंड लागणारी फरशी आहे, तिला झाकायचे कशाला? बसायच्या जागी चटई, दारात काथ्याचे पायपुसणे. एवढ्याने पुळणीचा रंग खोलीत येतो.

तिसरी गोष्ट बैठकीची. येथे आक्काने एक कसोटी घातली: जे सामान दोन माणसांना जिना चढवून माडीवर नेता येत नाही, ते सोप्यात आणायचे नाही. या कसोटीवर सोफा नापास झाला, बॉक्सचा पलंग नापास झाला आणि भुशाच्या फळ्यांची कपाटे तर परीक्षेलाच बसली नाहीत, कारण ती पाण्यात विरघळतात. पास झाल्या वेताच्या दोन खुर्च्या, एक बांबूचा बाक, आणि कॅनव्हासची घडीची आरामखुर्ची. ही खुर्ची जहाजांच्या डेकवरची. समुद्राची म्हणून दुसरी कुठली खूण हवी कशाला? आक्काचा जुना सागवानी पाट पुरातूनही जसाच्या तसा निघाला होता; त्याला चार पाय लावले की मध्ये ठेवायला चौरंग होतो.

चौथी गोष्ट कापडाची. पडदे मांजरपाटाचे किंवा खादीचे, दोरीवर ओवलेले, एका ओढीत निघणारे. खोळी सगळ्या धुण्याजोग्या. रंग किती? तीनच: चुन्याचा पांढरा, चटईचा वाळूसारखा आणि एक निळा. निळ्यांच्या दहा छटा आल्या की खोली रंगाऱ्याच्या नमुन्याच्या पुस्तकासारखी दिसते. आडव्या निळ्या पट्ट्यांचे कापड सुनेला आवडले होते. ते ठेवले. फ्रान्सच्या आरमाराने १८५८ साली खलाशांच्या अंगरख्यासाठी असेच निळे-पांढरे पट्टे ठरवून दिले होते, हे तिला सांगितले तेव्हा ती खूश झाली.

पाचवी गोष्ट त्या फळीची. सागाची पुरती परवडली नाही, तर जुन्या वाड्यांच्या उतरवलेल्या लाकडांतून फळ्या मिळतात. फळीवर मुलांची पुस्तके, फोटो आणि घट्ट झाकणाचा एक डबा. त्या डब्यात घराची कागदपत्रे, बँकेची पुस्तके, औषधांच्या चिठ्ठ्या. विजेची बटणे आणि खटके जाणत्या कारागिराकडून रेघेच्या वर घ्यायचे. हे काम सजावटीत कोणी धरत नाही, पण पहिला खर्च याच्यावर करावा.

एवढे झाल्यावर सुनेने विचारले, "मग मावशी, समुद्राचं काहीच ठेवायचं नाही?"

मी तिला मेणवलीची गोष्ट सांगितली. आमच्या सातारा जिल्ह्यात वाईजवळ कृष्णेकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे. खाली नदीपर्यंत उतरणारा दगडी घाट. पाण्याने चढायचे तेवढे घाटावर चढावे, वाडा वर बसलेला. या घाटावर देवळांपाशी एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा आलेल्या घंटांपैकी ती एक. समुद्राची एक वस्तू डोंगर चढून नदीकाठी आली आणि अजून तिथेच आहे. नांगर नाही, जाळे नाही, एक घंटा, आणि तिच्यामागे केवढा इतिहास! घरातही तेच करावे. समुद्राची वस्तू एकच असावी आणि ती आपल्या घराशी नाते सांगणारी असावी.

आणि शिंपल्यांविषयी एक सूचना. प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुकानात टोपलीभर दिसले म्हणून घेऊ नयेत. पुळणीवर पायाखाली मिळालेला एखादा साधा शिंपला आठवण म्हणून पुरतो.

आक्का उठून माडीवर गेली आणि पितळेचा एक लहान डबा घेऊन आली. आत गुहागरच्या पुळणीवरची पाचसहा कवड्या-शिंपली. साठ वर्षांमागची. पुराच्या वेळी घर सोडताना दागिन्यांच्या पुरचुंडीबरोबर हा डबाही तिने कमरेला बांधला होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. सुनेने ती शिंपली हातात घेतली, लाटांचे चित्र गुंडाळून ठेवले आणि दुकानदार परत घेईल का म्हणून जाळे-नांगराची पावती शोधू लागली.

आता साताऱ्यातल्या वाचकभगिनी विचारतील, आम्हाला कुठे पुराचे भय? खरे आहे. अजिंक्यताऱ्याखाली आमची हवा कोरडी, हिवाळा बोचरा. म्हणून हाच थाट साताऱ्यात करायचा तर पांढऱ्या भिंतीला ऊब लागते. मी माझ्या खोलीत वेताच्या खुर्चीवर माणदेशी घोंगडी टाकली आहे. काळ्या-करड्या लोकरीने पांढऱ्या भिंतीचा गारठा मोडतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पाणी आत फेकतो, तिथे झापांऐवजी बांबूच्या चिकाचा पडदा. कोकणाची नक्कल करू नये. कोकणाने आपल्या हवेला जसे विचारले तसे आपण आपल्या हवेला विचारावे.

निघताना आक्काच्या मुलाने मला बाजूला घेतले. "मावशी, हे सगळं ठीक; पण उद्या पुन्हा पाणी आलं तर?" खोटा धीर मला देववला नाही. फळी काही पूर थांबवणार नाही. पाणी पुलापाशी चढू लागले आणि बाहेर पडा म्हणून सांगितले गेले, की फळीकडे न पाहता माणसांनी आधी बाहेर पडायचे, सामान हलके केले ते एवढ्याचसाठी. घर ठेवायचे की विकायचे, हा निर्णय त्यांनी चौघांनी बसून घ्यावा. पण बंद सोप्याकडे पाहून घेतलेला निर्णय आणि उजेडात बसून घेतलेला निर्णय यांत फरक पडतो, एवढे मी त्याला सांगितले.

परवा सुनेने मोबाईलवर चित्र पाठवले. चुन्याचा तिसरा हात वाळला आहे. कोनाड्यात वसुबारसेची पणती ठेवायची जागा पुसून ठेवली आहे. फळीवर पितळेचा डबा आहे. भिंतीवरची ती रेघ मात्र तीन हातांतूनही जराशी डोकावते. चौथा हात द्यायला सून तयार होती, पण आक्का म्हणाली, "राहू दे. फळी किती वर हवी, ते नातवंडांना कळायला नको का?"